एकच दिवस, अनेक तारखा : सोलापूरच्या निमित्ताने



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून काहींनी मला फोनवर विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस संगणकावरच्या तारखांबद्दल काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मला संगणकातलं फार कळत नाही. पण गेले काही महिने मी या एका गोष्टीत अडकून पडलो होतो, आणि शोधता शोधता तिचा धागा थेट आपल्या सोलापूरच्या इतिहासात गेला. म्हणून म्हटलं, बोलावं.

झालं असं. माझा एक जुना विद्यार्थी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्याने आणि त्याच्या मित्रांनी हौसेने सोलापूरच्या इतिहासाचं एक संकेतस्थळ करायला घेतलं. आपलं शहर असं, की एका भाषेत भागत नाही. म्हणून मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि हिंदी अशा पाच भाषा ठरल्या. मजकूर तपासायला त्याने माझ्याकडे पाठवला. मी पहिलंच पान उघडलं ते चार हुतात्म्यांचं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं बरोबर होती. १९३० च्या मे महिन्यातला मार्शल लॉ बरोबर होता. येरवड्याचा तुरुंग बरोबर होता. आणि खाली फाशीची तारीख : १ डिसेंबर १९३१.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सोलापुरात शाळेतल्या पोरालासुद्धा १२ जानेवारी पाठ असते. मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, "सर, मुलांनी १२/१/१९३१ असं भरलं होतं. यंत्राची मांडणी अमेरिकन राहिली होती, त्याने पहिला आकडा महिना धरला. एक ओळ बदलली की होतंय." आणि खरंच, दहा मिनिटांत झालं. पण त्याने पुढे विचारलं, "सर, मराठीचं जमलं. आता बाकी चार भाषांत तारीख कशी दाखवायची ते तुम्ही सांगा. आणि जुन्या घटनांच्या तिथ्या आहेत, त्यांचं काय करायचं?"

या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांत येईना. ते का येत नाही, हेच आज सांगायचं आहे.

पहिल्यांदा आपल्या गावातच बघू या. सोलापूरचं वर्ष किती घड्याळांवर चालतं? सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा संक्रांतीला बांधलेली. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, चंद्राचा तिथे संबंध नाही. म्हणून ती जानेवारीत जवळजवळ त्याच दिवशी येते. पद्मशाली समाजाचा मार्कंडेयाचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो. तिथे महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याशी जुळवून घेतलेलं, मध्ये अधिक मास घालून. म्हणून तो दिवस इंग्रजी महिन्यांत मागेपुढे होतो, पण पावसाळ्याबाहेर जात नाही. मोहरम शुद्ध चांद्र वर्षाचा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत सगळे ऋतू फिरून येतो. आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती इंग्रजी तारखेवर पक्की. चार उत्सव, चार हिशेब, आणि गाव एकच. कुणाचा गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक घराला आपापला हिशेब ठाऊक असतो आणि दुसऱ्याचा शेजारधर्माने कळतो. यंत्राला शेजारधर्म नसतो. त्याला सगळं स्पष्ट सांगावं लागतं.

जाता जाता एक गंमत. 'जवळजवळ त्याच दिवशी' असं मी म्हणालो. संक्रांतसुद्धा साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ती ऐन संक्रांतीच्या दिवशी झाली असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण त्या साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. आजची तारीख मागे नेऊन लावली, की अशी फसगत होते.

पानिपतचं नाव निघालं, तर त्याच काळातला मराठी कागद हातात घेऊ. मोडीतलं पत्र असेल तर त्यावर तारीख कशी असते? शेवटी 'छ' असं अक्षर. ते 'चंद्र' याचं लघुरूप मानतात. पुढे चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना : छ ७ जमादिलाखर. त्यापुढे साल, तेही अरबी संख्याशब्दांत : इहिदे सितैन मया व अलफ. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. एकं आधी, हजार शेवटी. झालं ११६१. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७६० येतं, आणि जानेवारी उजाडल्यावर ६०० मिळवायचे, की १७६१. त्याचं वर्ष सुरू होतं सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून शेतकरी त्याला मृगसाल म्हणायचे. पेरणीपासून वर्ष धरणारा सन, लिहायचा अरबी आकड्यांनी, मोडी लिपीत, मराठी पत्रात, आणि लिहिणारा बहुधा ब्राह्मण कारकून. त्याच दिवसाची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, सौम्यवासर, म्हणजे बुधवार. दरबारात एक रीत, सारावसुलीत दुसरी, देवघरात तिसरी. त्या कारकुनाला बहुभाषिक तारखांचा प्रश्न आपल्याआधी अडीचशे वर्षं पडला होता, आणि त्याने तो सोडवलाही होता : प्रत्येक तारखेसोबत ती कोणत्या हिशेबातली आहे याची खूण लिहायची.

ही खूण फार महत्त्वाची. आपल्या जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. त्यावर शके ९४० आहे आणि संवत्सराचं नाव आहे, कालयुक्त. आता बघा, साठ संवत्सरांचं चक्र असतं. शकाच्या आकड्यात बारा मिळवा आणि साठाने भागा, बाकी ते संवत्सर. ९५२ ला साठाने भागलं की बाकी ५२. बावन्नावं संवत्सर कालयुक्त. जुळलं! समजा दगड झिजून एखादा आकडा पुसट झाला असता, तरी संवत्सराच्या नावावरून तो पकडता आला असता. वार, तिथी, संवत्सर, शक असं सगळं लिहिणं म्हणजे नुसता पसारा नव्हता. एक अंग दुसऱ्याची साक्ष काढत होतं.

युरोपीय लोक आले तेव्हा त्यांच्याकडे तरी एकच तारीख असेल, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. पोपने १५८२ मध्ये पंचांग सुधारलं, दहा दिवस गाळले. पोर्तुगिजांनी ते लगेच घेतलं. हॉलंडनेही घेतलं, त्यामुळे वेंगुर्ल्याच्या डच वखारीत नवी तारीख. इंग्रज प्रॉटेस्टंट, त्यांनी ते १७५२ पर्यंत मानलं नाही. त्या साली त्यांनी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर केला. म्हणजे शिवरायांच्या काळात गोवा आणि वेंगुर्ल्याच्या कागदांवर एक तारीख, आणि राजापूर-मुंबईच्या इंग्रजांच्या कागदांवर त्याच दिवशी दहा दिवस मागची. राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता. आपण जो ६ जून १६७४ म्हणतो, तो या जुन्या इंग्रजी पद्धतीचा. गोव्यात त्या दिवशी १६ जून होता. आपली तिथी मात्र एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६.

आता शिवजयंतीकडे येतो. तारीख की तिथी, हा वाद तुम्हाला माहीत आहे. मी त्यात पडणार नाही, पण त्यातला हिशेब पाहण्यासारखा आहे. जेधे शकावली लोकमान्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. आता शकात ७८ मिळवले की इसवी सन, असं आपण शाळेत शिकलो. १५५१ अधिक ७८, १६२९. पण फाल्गुन येतो जानेवारी उलटून गेल्यावर. तिथे ७९ मिळवायचे. म्हणून १६३०, १९ फेब्रुवारी, शुक्रवार. आणि हीसुद्धा जुन्या पद्धतीची. आज ज्या दिनदर्शिकेने आपण चालतो ती मागे नेली, तर तो दिवस १ मार्च १६३० ठरतो. वार मात्र दोन्हीकडे शुक्रवारच, कारण पोपने तारखा गाळल्या, वार गाळले नाहीत.

माझ्या विद्यार्थ्याचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. ही तिथी मराठीतून बाकी भाषांत न्यायची आहे. कन्नडात काय होईल? फाल्गुण बहुळ तदिगे. तेलुगूत? फाल्गुण बहुळ तदिय. आपण 'वद्य' म्हणतो, ते 'बहुळ' म्हणतात. एवढाच फरक. महिना तोच, कारण महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण सगळीकडे महिना अमावास्येला संपतो. शकही तोच शालिवाहन शक. आपला पाडवा, त्यांची युगादी आणि उगादी एकाच दिवशी. पूर्व भागात तेलुगू शेजाऱ्याकडची उगादी पच्चडी आणि आपला कडुलिंब एकाच सकाळी खाऊन मी लहानाचा मोठा झालो आहे.

पण हिंदीत? मुलांनी सरळ शब्दाला शब्द ठेवला होता : फाल्गुन कृष्ण तृतीया. वाचायला निर्दोष. आणि साफ चूक! उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एक असतो, वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पुढे असतो. आपला फाल्गुन वद्य म्हणजे त्यांचा चैत्र कृष्ण. त्यामुळे हिंदी वाचक 'फाल्गुन कृष्ण तृतीया' वाचून बरोबर एक महिना आधीचा दिवस समजेल. कृष्णजन्माचं उदाहरण घ्या. आपण श्रावण वद्य अष्टमी म्हणतो, ते भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतात. कृष्ण काही दोनदा जन्मला नाही.

म्हणून मी त्याला सांगितलं, बाळा, तारखेचं भाषांतर होत नाही, रूपांतर करावं लागतं. शब्द बदलून चालत नाही. आधी दिवस गाठायचा, मग त्या भाषेतल्या माणसाच्या हिशेबात त्याला नाव द्यायचं.

इथे माझ्या विषयातलं एक उदाहरण देतो. फ्रेगे नावाचा जर्मन तर्कशास्त्रज्ञ होऊन गेला. १८९२ मध्ये त्याने एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा दोन्ही म्हणजे शुक्रच. वस्तू एक, पण दोन नावं ती दोन वाटांनी दाखवतात. वर्गात मी हे तीस वर्षं शिकवलं. पण 'फाल्गुन वद्य' आणि 'चैत्र कृष्ण' एकाच दिवसाची नावं आहेत, हे उदाहरण मला कधी सुचलं नाही. शुक्र आकाशात कायम आहे, वर बघून खात्री करता येते. दिवस मात्र गेला की गेला. त्याचं फक्त नाव उरतं. नाव चुकलं, तर दिवसच हरवतो.

दिवस हरवतो म्हणजे काय होतं, ते माझ्या घरात घडलं आहे. थोडं घरचं सांगतो.

आमचं मूळ गाव नळदुर्गाच्या बाजूला. तेव्हा तो मुलूख निजामाचा होता. सोलापूर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, आणि पंचवीस-तीस मैलांवर तुळजापूर-नळदुर्ग हैदराबाद संस्थानात. सरहद्द ओलांडली की पैसा बदलायचा, दफ्तराची भाषा उर्दू व्हायची आणि वर्ष फसली व्हायचं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होई. महिन्यांची नावं इराणी : आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर असे. माझे थोरले बंधू गावच्या शाळेत घातले तेव्हा त्यांची जन्मतारीख उर्दूत नोंदली गेली, १८ खुर्दाद १३५२ फसली. पुढे १९४८ साली रझाकारांच्या धामधुमीत घरचे सगळं सोडून सोलापूरला आले. वडील गिरणीत लागले. माझा जन्म नंतरचा, इथलाच. भावाचा दाखला इथल्या एका शाळेत दिला. तिथल्या कारकुनाने कुणाला तरी विचारून हिशेब केला. फसलीत ५९० मिळवा : १३५२ अधिक ५९० बरोबर १९४२. खुर्दाद कितवा महिना? सातवा. सातवा म्हणजे जुलै. लिहिलं, १८ जुलै १९४२.

वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणजे सातवा महिना एप्रिलात येणार, आणि मध्ये जानेवारी ओलांडल्यामुळे ५९१ मिळवायला हवे होते, हे त्या माणसाला कुणी सांगितलं नसावं. मी त्याला दोष देत नाही. शकात ७८ की ७९, ही तीच चूक आहे. शिकलेली माणसं आजही करतात. पण भावाचा खरा जन्म एप्रिल १९४३ चा. सरकारी नोकरीत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. ते २००० च्या जुलैअखेर घरी बसले. खऱ्या हिशेबाने आणखी नऊ महिने राहिले असते. त्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. नऊ महिन्यांचा पगार म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

हे कळलं कसं? निवृत्तीनंतर जुन्या पेटीत तो उर्दू दाखला सापडला. माझ्या एका उर्दूच्या सहकाऱ्यांनी वाचून दाखवला, मी पुस्तकं काढून हिशेब मांडला. तोपर्यंत दुरुस्तीची मुदत कधीच संपली होती. पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. आई आयुष्यभर सांगत होती, "तुळजापूरची चैत्री पुनव होऊन गेली होती, तेव्हा दादा झाला." कागदावर जुलै, म्हणजे आषाढाच्या आसपास. आम्ही शिकलेले लोक हसायचो, आईला काय आठवतंय म्हणायचो. आईला अक्षर येत नव्हतं, पण तिची तारीख बरोबर होती. चुकला होता तो कागद. आम्ही कागदावर विश्वास ठेवला, कारण त्यावर आकडे होते.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. माझ्या पिढीतल्या किती जणांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, हात वर करा. बघा, निम्मी सभा! गुरुजींनी शाळेच्या सोयीने घातलेली. आणि मराठवाड्यात २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने निजामकाळातले जुने कागद पुन्हा धुंडाळले गेले, मोडीतले, उर्दूतले. त्यातल्या एकेका नोंदीवर लोकांचे दाखले अवलंबून आहेत. अशा कागदावरचा फसली सन वाचणाऱ्याला एक वर्ष इकडे की तिकडे, हा पांडित्याचा प्रश्न राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारलाही हा गोंधळ दिसला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली. देशात सुमारे तीस पंचांगं चालू असल्याचं तिला आढळलं. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ ला राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, १ चैत्र १८७९ शके. हेतू चांगला होता. पण महिन्यांची नावं तीच ठेवली, चैत्र, वैशाख, आणि शकही तोच. फक्त महिने सूर्याचे केले. परिणाम काय? २०२४ साली राष्ट्रीय दिनदर्शिकेचा १ चैत्र १९४६ आला २१ मार्चला, आणि आपला पाडवा, तोही चैत्र १, शके १९४६, आला ९ एप्रिलला. एकच मजकूर, दोन दिवस, मध्ये एकोणीस दिवसांचं अंतर. राजपत्रावर ती तारीख छापतात, आकाशवाणीवर सांगतात, पण घरातल्या भिंतीवर ती आली नाही.

भिंतीवर काय आलं? जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय आलं, १९७३ मध्ये. आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या सोलापुरातून दाते पंचांग निघतं, शंभर वर्षांहून अधिक काळ. कालनिर्णयाचा चौकोन नीट पाहा. मधोमध मोठा आकडा, सगळ्यांचा. त्याच चौकोनात बारीक अक्षरांत तिथी, नक्षत्र, सण, मुसलमानी महिना, पारशी महिना. एका दिवसाचं घर एक, आणि त्यात सगळे शेजारी. पुढे ते अनेक भाषांत निघालं, तेव्हा प्रत्येक भाषेच्या माणसाला लागेल ते त्याच्या रीतीने आलं. मी विद्यार्थ्याला म्हटलं, तुला नवं काही शोधायचं नाही. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे, ते बघ.

तो हसला आणि म्हणाला, "सर, आमच्यातही हेच म्हणतात." त्याने मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. यंत्राच्या पोटात दिवस एकाच ठरलेल्या रीतीने ठेवायचा : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्याचा आंतरराष्ट्रीय दंडक १९८८ पासून आहे. हा चौकोनातला मोठा आकडा. आणि वाचकाला दाखवताना त्याच्या भाषेचे नियम लावायचे. युनिकोडवाल्यांनी त्यासाठी प्रत्येक भाषेची माहिती भरून ठेवली आहे, महिन्यांची नावं, त्यांची लघुरूपं, दिवस आधी की महिना आधी, अंक कोणते. आपल्या मराठीची निवड केली की अंक आपोआप देवनागरी येतात. हिंदीची केली की आंतरराष्ट्रीय अंक येतात. लिपी दोघींची एक, अंक वेगळे! मला आश्चर्य वाटलं नाही. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात संघराज्याच्या कामकाजासाठी आंतरराष्ट्रीय अंक सांगितले आहेत, आणि हिंदीच्या छपाईत ते मुरले. मराठीने आपले अंक सोडले नाहीत. इतिहास असा यंत्राच्या पोटापर्यंत जातो.

महिन्यांची नावंही अशीच. आपण जानेवारी, ऑगस्ट म्हणतो, हिंदीवाले जनवरी, अगस्त म्हणतात. उर्दूत साल लिहिलं की पुढे एक छोटी खूण करतात, हमजासारखी केली तर ईसवी, 'हे' काढला तर हिजरी. ती खूण गाळली, तर उर्दू वाचकाच्या दृष्टीने तारीख अपुरी. आणि आपला 'तारीख' शब्द अरबी, 'सन' अरबी, 'साल' फारसी. 'दिनांक' भाषाशुद्धीच्या चळवळीतून आला. मराठी माणूस रोज पाहिजे तो वापरतो आणि अडत नाही.

शेवटी आम्ही दोघांनी बसून काही नियम ठरवले. ते सांगतो, कारण संकेतस्थळ नसलं तरी स्मरणिका काढणाऱ्यांना, कोनशिला बसवणाऱ्यांना, घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांना ते उपयोगी पडतील.

पहिला, वाचकाला नुसते आकडे कधी दाखवायचे नाहीत. महिन्याचं नाव अक्षरांत लिहायचं. १२/१ मध्ये घोटाळा आहे, १२ जानेवारीत नाही.

दुसरा, तिथीचं भाषांतर करायचं नाही. आधी दिवस निश्चित करायचा, मग प्रत्येक भाषेच्या रीतीने तिथी लिहायची. हिंदीत वद्य पक्षाचा महिना बदलायचा.

तिसरा, हिशेबाचं नाव नेहमी लिहायचं. शके, हिजरी, फसली, शुहूर. इंग्रजांच्या १७५२ पूर्वीच्या तारखेला 'जुनी पद्धत' असं म्हणायचं.

चौथा, स्थळ विसरायचं नाही. तिथी सूर्योदयाला कोणती आहे त्यावर ठरते, आणि सूर्योदय गावागणिक वेगळा. लंडनमधल्या मराठी घराची एकादशी सोलापूरच्या एकादशीच्या दिवशीच येईल असं नाही. चंद्रदर्शनावरचा महिनाही एका दिवसाने हलतो. आणि रात्रीची घटना असेल तर जपायचं. इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो, आपला सूर्योदयाला, मुसलमानी सूर्यास्ताला.

पाचवा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. मूळ कागदावर तारीख जशी लिहिली असेल, तशी ती जपायची. रूपांतर शेजारी द्यावं, मूळ पुसून नव्हे. रूपांतर करणारा चुकू शकतो. मूळ शिल्लक असेल तर पन्नास वर्षांनी कुणी तरी चूक पकडू शकतं. त्या दाखल्यावर 'खुर्दाद' शब्द शिल्लक होता, म्हणून माझ्या भावाचा एप्रिल आम्हाला सापडला. उशिरा सापडला, पण सापडला.

मंडळी, भाव आता नाहीत. गेल्या चैत्रात आम्ही भावंडांनी ठरवलं, त्यांचा वाढदिवस यापुढे तुळजापूरच्या पुनवेनंतर करायचा, आई सांगायची तसा. सरकारी कागदावर काय आहे ते राहू दे.

आणि ते हुतात्म्यांचं पान? ते दुरुस्त झालं. काल रात्री मी पाचही भाषांत उघडून पाहिलं. कन्नड आणि तेलुगू मला अडखळत वाचता येतं, उर्दूसाठी मित्राला शेजारी बसवलं. पाच लिहिण्याच्या पाच तऱ्हा, आणि पाचही ठिकाणी तो १२ जानेवारीच आहे. यात्रेच्या आदल्या दिवसांतला, सोलापूरला पाठ असलेला.

एवढंच सांगायचं होतं. घरी कुणाकडे जुने दाखले, पत्रं असतील, तर उर्दू-मोडी वाचणारं माणूस हाताशी आहे तोवर ती वाचून घ्या.